सोप्या फेरीतला भासरा

आमच्या गावाशेजारच्या वन उद्यानात फाटकापाशी एक हिरवी पाटी आहे. 'सायकल फेरी क्रमांक एक : सोपी.' खाली नकाशा काढला आहे. सागवानाच्या रोपवनातून आत जायचं, तलावाच्या पाळीवर चढायचं, पलीकडे बांबूच्या बनातून वळायचं आणि परत फाटकावर यायचं. लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणालाही जमेल, असंही लिहिलं आहे. ज्याने ती पाटी रंगवली तो कोणाच्या घरची धाकटी सून नसणार, हे उघड आहे.

फेरी खरंच सोपी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या परीक्षेच्या दिवशी त्या फेरीत माझ्यापुढे माझे भासरे होते.

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. दुसरीकडे लोक त्याला मोठे दीर म्हणतात आणि त्यांच्याशी हसून-खेळून बोलतात, असं मी ऐकून आहे. आमच्या मूल तालुक्यातल्या गावांत अजून तसं झालेलं नाही. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खाटेवर बसायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि ते वाटेने चालले असतील तर त्यांना ओलांडून पुढे जायचं नाही. बंधनं फक्त बाईलाच असतात असंही समजू नका. भासऱ्याने भावाच्या बायकोचं नाव घ्यायचं नसतं, तिच्याकडे सरळ बघायचं नसतं, ती पाणी भरत असेल तर विहिरीकडे फिरकायचं नसतं. एका घरात दोन माणसं अशी वावरतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझ्या भासऱ्यांचं नाव बापूजी. मी ते घरात घेत नाही, इथे सांगायचं म्हणून सांगते आहे. घरात ते 'दिव्यानीचे बाबा'. माझ्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. तसं बोलणं रोजच होतं. ते त्यांच्या लेकीला म्हणतात, "दिव्यानी, तुह्या काकूले सांग, बैलाईले पाणी दाखवलं का म्हणा." मी चार हातांवर उभी असते. मी म्हणते, "सांग त्याईले, दाखवलं." दिव्यानी मोबाइलमधून मानसुद्धा वर काढत नाही आणि निरोप इकडचा तिकडे पोचतो. ती कॉलेजात गेली असली की आम्ही बैलावर भागवतो. बैलही आता सरावला आहे, आम्ही बोलायला लागलो की रवंथ करायचा थांबतो.

तर यंदा उद्यानात गेअरच्या सायकली आल्या आणि पाहुण्यांना फेरीवर नेण्यासाठी गावातूनच गाइड घ्यायचे ठरले. ते ऐकल्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझं माहेर माजरीचं. तिथे आम्ही पोरी कोळशाच्या ट्रकांच्या कडेकडेने सायकलवर शाळेत जायचो आणि काळं तोंड घेऊन घरी यायचो. अख्ख्या माजरीत माझ्यापुढे एकही पोरगी जात नसे, पोरंही फारशी नसत. लग्न झालं आणि सायकल माहेरीच राहिली. सासरी धान रोवणं आलं, निंदण आलं, कापणी आली, सगळं निभावलं. पण सायकल दिसली की माझे पाय आपोआप हलतात, हे माझा नवरा भूपेश लग्नानंतर महिनाभरातच ओळखून होता. त्यानेच माझं नाव दिलं. मला ती नोकरी हवी होती, आणि खरं सांगायचं तर पगारापेक्षा ती सायकल हवी होती.

घोडं पेंड खात होतं ते दिव्यानीच्या बाबांपाशी. ते गावच्या वन समितीचे अध्यक्ष. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त संध्याकाळी बैलाला वैरण टाकताना म्हणाले, "या घरात आता सायकलचा नाद शिरला म्हणते." बैल काही बोलला नाही. मी रात्रभर त्या वाक्याचा कीस काढत बसले. माझी जाऊ गोकुळाबाई म्हणाली की त्यांच्या मनात काय आहे ते पंचवीस वर्षांत तिलाही कळलेलं नाही, तू झोप.

परीक्षा साधी होती. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत पाहुण्यांना बाहेर काढावं लागतं, म्हणून अर्ध्या तासात एकट्याने फेरी पूर्ण करून दाखवायची. जो करेल त्याला पुढची पायरी, जो करणार नाही त्याने पुढच्या वर्षी यावं. हसत हसत वीस मिनिटांत होण्यासारखं काम. मी साडीखाली भूपेशची ट्रॅकपॅण्ट चढवली, पदर कमरेला घट्ट खोचला. मग हेल्मेट आलं आणि नवाच पेच पडला. हेल्मेटवर पदर ठरत नाही, आणि फाटकावर तर समोर भासरे उभे. गोकुळाबाईने एक क्षण विचार केला आणि निकाल दिला, "डोस्कं झाकलं ना? मंग झालं." अशी जाऊ सगळ्यांना मिळो.

वनखात्याच्या साहेबांनी नारळ फोडला. पहिली फेरी अध्यक्षांच्या हस्ते, म्हणजे पायांनी, असं ठरलं. दिव्यानीच्या बाबांना एक नवी गेअरची सायकल दिली, गळ्यातल्या दुपट्ट्यावरून झेंडूचा हार घातला, फोटो निघाले आणि ते सागवानात शिरले. सगळ्यांना वाटलं, पहिल्या वळणावरून परत येतील. उद्घाटन करणारा माणूस कधी सगळी फेरी करतो? चहा झाला. तरी ते आले नाहीत, तेव्हा साहेब म्हणाले की पुढे कुठूनतरी परस्पर घरी निघून गेले असतील, आपण सुरू करू. पहिलं नाव माझं होतं.

मी निघाले ती सुसाट. जानेवारीची सकाळ, दोन्हीकडे सागवान, खाली वाळक्या पानांचा चुरा, आणि पायाखाली अशी सायकल की नुसतं मनात आणलं तरी पुढे जाते. मला मोठ्याने गावंसं वाटत होतं. दोन वळणं गेली, तिसरं घेतलं, आणि पुढे बघते तर झेंडूचा हार.

दिव्यानीचे बाबा. कोणी विश्वास ठेवणार नाही अशा वेगाने पाय मारत होते आणि सायकल मात्र गोगलगायीच्या चालीने चालली होती. मला एका नजरेत कळलं. गेअर सगळ्यात हलका पडला होता, चढासाठी असतो तो. उजव्या अंगठ्यापाशी एक खटका असतो, तो दोनदा दाबला असता तर काम झालं असतं. पण ते सांगणार कोण? मी सांगू शकत नव्हते. घंटी वाजवू शकत नव्हते. आमच्या सात पिढ्यांत कोणा बाईने भासऱ्याला घंटी वाजवलेली नाही. वाट रुंद होती, बाजूने सायकल काय, बैलबंडी निघाली असती. तरी मी मागेच राहिले. माझे हात आपोआप ब्रेकवर गेले, जसा डोक्यावर पदर आपोआप जातो.

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते फराफरा पाय मारत होते आणि मी मागे जवळजवळ उभ्या सायकलवर तोल सांभाळत होते. माझा संताप मस्तकात गेला. मला वाटलं, हे मुद्दामच आहे. ज्या माणसाला तोंडाने नाही म्हणता येत नाही तो असं वाटेत आडवं येऊन नाही म्हणतो. घरातल्या सुनेने गावोगावच्या पाहुण्यांपुढे सायकल चालवत जाणं यांना सोसणार नाही, आणि एक शब्दही न बोलता हे मला नापास करणार. मी मनात त्यांना जे जे बोलले ते इथे सांगत नाही.

एवढ्यात मागून निकेश आला. माझ्यानंतर निघालेला, आमच्याच गल्लीतला पोरगा. त्याने खणखण घंटी वाजवली, मला ओलांडलं, दिव्यानीच्या बाबांना ओलांडलं, "रामराम बापूजी" म्हणाला आणि मागे वळून मला विचारलं, "काऊन जी काकू, थांबून काऊन राह्यल्या?" आणि गेला निघून.

तेव्हा दिव्यानीच्या बाबांना कळलं की मागे कोणीतरी आहे, आणि ते कोण आहे. त्यांची मान अर्धी वळली आणि परत सरळ झाली. त्यांनी सायकल वाटेच्या कडेला घेतली आणि उतरून उभे राहिले, मला जागा देण्यासाठी.

आता ऐका काय झालं ते. भासरे थांबले म्हणून मीही थांबले. मोठं माणूस उभं असताना सायकलवर बसून त्याच्यासमोरून कशी जाऊ? मी उतरले आणि सवयीने तोंड सागवानाकडे केलं. ते पलीकडच्या सागवानाकडे तोंड करून उभे. मध्ये रिकामी वाट. झाडावर लंगूर बसले होते, ते आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. तिकडे फाटकावर घड्याळ चाललं होतं आणि इकडे आम्ही दोघं शहाणी माणसं दोन झाडांकडे बघत उभी होतो.

शेवटी ते झाडाला म्हणाले, "ज्याले घाई असन त्यानं जावा. मी काई कोणाले अडवून नाई राह्यलो."

मी माझ्या झाडाला म्हटलं, "मोठ्या माणसाच्या पुढून कसं जा लागते, मले मालूम नाई."

हे उत्तर त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. आमच्या दोघांची हीच तर अडचण होती, दोघंही सारख्याच मुशीतले. त्यांनी घसा खाकरला, आणि पुढचं बोलले ते ऐकून माझा राग जागच्या जागी विरला. "मी लवकर निघून जाव म्हणून जीव तोडून पाय मारून राह्यलो," ते झाडाला सांगत होते. "पन हे गाडी सरकतच नाई. मागं परीक्षावाले येतीन, हे मालूम होतं मले."

म्हणजे हा माणूस मघापासून माझ्यासाठीच घाम गाळत होता. मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. मी झाडाला गेअर समजावून सांगितला. उजव्या अंगठ्यापाशी खटका, दाबला की गाडी धावते. झाडाने ऐकलं की नाही माहीत नाही, दिव्यानीच्या बाबांनी ऐकलं. ते चढले, खटका दाबला, एकदा दाबला, चारदा दाबला, आणि सायकल अशी सुटली की गळ्यातला हार पाठीवर उडाला. मी मागोमाग. रोपवन संपेपर्यंत आम्ही दोघं वाऱ्यासारखे गेलो. मला वाटलं, जमलं.

पण पुढे तलावाची पाळ आली. तिच्यावर छोटासा चढ आहे, आणि त्यांच्या सायकलला आता सगळ्यात जड गेअर पडलेला. अर्ध्या चढावर त्यांचे पाय थांबले. ते उतरले, ढकलत वर चढले आणि पाळीवर उभे राहिले. मीही उतरून मागे ढकलत आले. पाळ अरुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या शेतांच्या बांध्या. इथे झाडाकडे तोंड करायला झाडही नव्हतं. ते धापा टाकत होते, साठीला आलेला माणूस. अर्धा तास संपत आला होता, हे मला सूर्यावरूनही कळत होतं. मी मनात म्हटलं, जाऊ दे. पुढच्या वर्षी. आणि डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

मी नाक ओढलं ते त्यांनी ऐकलं असणार. मग त्यांनी सायकल पाण्याच्या बाजूला आडवी केली, पाठ माझ्याकडे केली, गळ्यातला दुपट्टा काढला आणि डोक्यावरून घेतला. नीट घेतला, दोन्ही हातांनी, कपाळाच्या खाली, नाकाच्या खाली, पार हनुवटीपर्यंत, जसा मी दहा वर्षं त्यांच्यासमोर पदर घेत आले तसा. मांडीवर हात ठेवून ते पाळीच्या कडेला उकिडवे बसले.

आतून आवाज आला, "आता इथी कोणी नाई."

बायांनो, मी तुम्हाला काय सांगू. ज्या माणसासमोर मी कधी मान वर केली नव्हती, तो गावचा अध्यक्ष माझ्यासाठी नव्या नवरीसारखा तोंड झाकून बसला होता. वरती झेंडूचा हार तसाच होता. मी सायकलवर चढले. त्यांच्याजवळून जाताना हँडलवरचा एक हात काढून वाकून जमिनीकडे नेला, पाया पडल्यासारखा, आणि तोल जाऊन पाण्यात पडता पडता राहिले. मग मी मागे बघितलं नाही. बांबूच्या बनातून मी कशी गेले ते मला आठवत नाही. हसत होते की रडत होते, तेही सांगता येणार नाही. हेल्मेटच्या पट्ट्यात सगळं ओलं झालं होतं.

फाटकावर वनरक्षकाने घड्याळ दाबलं तेव्हा अर्ध्या तासाला अगदी थोडा वेळ उरला होता. भूपेशने विचारलं, एवढा वेळ काऊन लागला. मी म्हटलं, वाट सोपी होती, म्हणून बघत बघत आले.

बऱ्याच वेळाने दिव्यानीचे बाबा सायकल ढकलत आले. साहेबांनी विचारलं की या बाई तुम्हाला वाटेत भेटल्या असतील ना. ते म्हणाले, "मले कोणीच दिसलं नाई, साहेब." ते खोटं कधी बोलत नाहीत, आणि तेव्हाही बोलले नाहीत.

पण परीक्षा संपली नव्हती. साहेबांनी सांगितलं की आता पास झालेल्या प्रत्येकाने एक पाहुणा सोबत घेऊन फेरी करून दाखवायची. गाइड पुढे, पाहुणा मागे, आणि वाटेत जे काही असेल, खड्डा, मूळ, दगड, ते गाइडने पुढून मोठ्याने सांगायचं. निकेशबरोबर जायला त्याचे दोन मित्र भांडायला लागले. माझ्याबरोबर कोणी पुढे येईना. गावच्या सुनेच्या मागे सायकल चालवत जायचं म्हणजे गावच्या पुरुषांना संकोच. भूपेश आला असता, पण घरचा माणूस पाहुणा म्हणून चालेल का, यावर साहेब विचारात पडले.

तेव्हा खुर्चीवर बसून पाणी पीत असलेले दिव्यानीचे बाबा उठले. त्यांनी हार काढून गोकुळाबाईच्या हातात दिला, आणि साहेबांकडे बघत म्हणाले, "पाव्हणा मी. नियम हाये ना, गाइड पुढं? मंग गाइडनं पुढं चालावा." भूपेश तोंड उघडं ठेवून बघत राहिला. साहेबांना त्यात काय विशेष ते कळलंच नाही, ते म्हणाले ठीक आहे. गोकुळाबाईने नवऱ्याच्या सायकलचा गेअर मधोमध लावून घेतला, वनरक्षकाला विचारून विचारून.

आम्ही निघालो. मी पुढे, ते मागे. माझी पाठ त्यांच्याकडे, डोक्यावर पदर नाही, नुसतं हेल्मेट. सुरुवातीला मान अशी अवघडली होती की वळणही धड घेता येईना. मागून त्यांच्या सायकलचा टकटक आवाज येत होता, आता बरोबर चालीने. रोपवनाच्या दुसऱ्या वळणावर रानडुकरांनी वाट उकरून ठेवली होती. मघाशी मी ती न बघताच चुकवली होती. आता सांगणं भाग होतं. पण सांगू काय म्हणून? सासरा असता तर मामाजी म्हटलं असतं. नणदेचा नवरा असता तर भाऊजी. यांना काय म्हणायचं ते दहा-अकरा वर्षांत कधी ठरलंच नव्हतं, कारण कधी लागलंच नव्हतं. दिव्यानी जवळ नव्हती. बैल गोठ्यात होता. खड्डा आला.

"भाऊ, खड्डा हाये," मी ओरडले. "डाव्या अंगानं घ्या."

मागचा टकटक आवाज थांबला. वाटलं, उतरले, गेले, संपलं.

"बरं बाई," मागून आवाज आला. "घेतली."

झाडाला नाही, बैलाला नाही, मला म्हणाले. मी पाय मारत राहिले, कारण थांबले असते तर तिथेच बसून रडले असते, आणि गाइडने पाहुण्यासमोर रडायचं नसतं. पुढे तलावाच्या पाळीपर्यंत वाट अगदी साफ होती, एक खडासुद्धा नव्हता. तरी मी आणखी दोन खड्डे सांगितले, आणि दोन्ही वेळा ते "बरं बाई" म्हणाले आणि सायकल डाव्या अंगाने घेतली.